डॉल्फिन पुरण्याआधी नखाएवढी कातडी राखून ठेवा

प्रति,
मुंबईच्या किनाऱ्यावर डॉल्फिन लागला की ज्यांचे फोन वाजतात ते सर्व : वन विभाग व कांदळवन कक्षाचे अधिकारी, महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसांतले कर्मचारी, पशुवैद्यक आणि कोळीवाड्यांतल्या मच्छीमार सहकारी संस्था

विषय : किनाऱ्यावर लागणाऱ्या मृत डॉल्फिन, पॉरपॉइज व देवमाशांचे जनुकीय नमुने दर वेळी घेण्याबाबत.

स.न.वि.वि.

जून लागला, वारा फिरला की जुहू, वर्सोवा, अक्सा, गोराई यांपैकी कुठल्या तरी चौपाटीवर एखादा मेलेला डॉल्फिन लागतोच. पुढचं सगळं तुम्हाला पाठ आहे. सकाळी फिरायला आलेल्या कुणीतरी व्हिडिओ काढून तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला असतो. पोलीस गर्दी मागे सारतात, पंचनामा होतो, टेप लावून लांबी मोजली जाते, पशुवैद्यक नाकाला रुमाल लावून वाकून बघतात आणि पुढची भरती यायच्या आत जेसीबी वाळूत खड्डा खणून मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी : अमुक फूट लांब, कुजलेल्या अवस्थेत, मृत्यूचं कारण कळू शकलं नाही.

त्या खड्ड्यात वाळू लोटण्याआधीच्या दोन मिनिटांबद्दल हे पत्र आहे.

मी मुंबईतल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते आणि विद्यार्थ्यांकडून डीएनए वेगळा करण्याचं काम करून घेते. माझी मागणी छोटी आहे. खड्डा बुजवण्याआधी त्या प्राण्याच्या कातडीचा नखाएवढा तुकडा निर्जल अल्कोहोलच्या कुपीत टाका, दर वेळी, न चुकता, आणि त्याची नोंद पंचनाम्यात येऊ द्या. 'कशाला?' असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्या किनाऱ्याला अगदी लागून दोन जलचर सस्तन प्राणी कायमच्या वस्तीला आहेत. एक हंपबॅक डॉल्फिन, आपला गादा. शिशाच्या रंगाचा, पाठीवर उंचवटा आणि त्या उंचवट्यावर छोटासा पर. दुसरा फिनलेस पॉरपॉइज, डॉल्फिनचाच छोटा नातेवाईक. जेमतेम दीड मीटरचा, पाठीवर परच नसलेला, त्यामुळे बोटीवरून पाहणाऱ्याला लाट आणि तो यांतला फरक कळायच्या आत दिसेनासा होणारा. आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत पहिला संकटग्रस्त आहे, दुसरा असुरक्षित. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत दोघंही आहेत, म्हणजे कागदावर दोघांनाही वाघाचा दर्जा. लॉकडाऊनमध्ये 'डॉल्फिन मुंबईत परत आले' म्हणून व्हिडिओ फिरले होते. ते कुठे गेले नव्हतेच. बघायला आपल्याला सवड मिळाली होती, एवढंच.

गादा शक्यतो वीस-पंचवीस मीटरपेक्षा खोल पाण्यात जात नाही. त्याचं जग म्हणजे किनाऱ्यालगतची एक अरुंद पट्टी, आणि सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते. जंगलातल्या प्राण्याची एक वाट बंद झाली तर तो वळसा घालून जाऊ शकतो. गाद्याची गत आपल्या वेस्टर्न लाइनसारखी आहे : मार्ग एकच, आणि मध्ये ब्लॉक घेतला की विरारकडचे विरारकडे, चर्चगेटकडचे चर्चगेटकडे. उत्तरेला खंभातच्या आखाताचं गढूळ, प्रचंड भरती-ओहोटीचं पाणी आणि त्यापलीकडे सौराष्ट्र, कच्छ. दक्षिणेला अलिबाग, रत्नागिरी, मालवण. मध्ये मुंबई.

आणि मुंबईच्या आजूबाजूच्या पाण्यात सध्या काय काय उभं राहतंय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. १०.५८ किलोमीटरचा दक्षिण किनारी रस्ता झाला. २१.८ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. उत्तरेकडे वर्सोव्याहून पुढचे रस्ते यायचे आहेत. डहाणूजवळ वाढवण बंदरासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालायचा आहे. यांतल्या कुठल्याही कामाने समुद्रात आडवी भिंत घातली जात नाही, हे मला कळतं. पण पाण्याखाली पाइल म्हणजे पायाचे खांब ठोकल्याचा आवाज, गाळ उपसणं, जहाजांची वाढती ये-जा हे सगळं आवाजाच्या आधाराने जगणाऱ्या प्राण्याच्या त्याच अरुंद पट्टीत होणार आहे. हाँगकाँगमध्ये याच कुळातला चिनी हंपबॅक डॉल्फिन राहतो. तिथे एका बाजूला विमानतळाचा भराव आणि दुसऱ्या बाजूला २०१८ मध्ये सुरू झालेला मकाऊपर्यंतचा समुद्री पूल. तिथल्या पाण्यातल्या डॉल्फिनची संख्या गेल्या दोन दशकांत घसरतच गेली आहे.

आता जनुकांकडे वळते. आपल्या गाद्याला शास्त्रीय नाव मिळालं १८२९ मध्ये. फ्रेंच व्यापारी द्युसुमिए याने मलबार किनाऱ्यावरून नेलेल्या प्राण्यावरून कुव्हिए या शास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षं हंपबॅक डॉल्फिनच्या जाती नेमक्या किती, यावर वाद चालला. २०१४ मध्ये जेफरसन आणि रोझेनबॉम यांनी कवट्या, रंगरूप आणि डीएनए एकत्र मांडून चार जाती ठरवल्या : पश्चिम आफ्रिकेची, हिंदी महासागराची म्हणजे आपली, चीन-आग्नेय आशियाची आणि ऑस्ट्रेलियाची. ऑस्ट्रेलियातल्या जातीला तर तोवर वेगळं नावही नव्हतं. पुढे २०१७ मध्ये बांगलादेशच्या किनाऱ्यावरचे हंपबॅक डॉल्फिन शेजाऱ्यांपेक्षा जनुकीयदृष्ट्या वेगळे असल्याचं दिसलं.

तुमच्या कामाच्या दृष्टीने मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते २०११ चं काम. ओमान, टांझानिया, मोझांबिक आणि दक्षिण आफ्रिका इथल्या हंपबॅक डॉल्फिनचे डीएनए आणि उपग्रहांवरून मिळालेली समुद्राची माहिती शेजारी शेजारी ठेवून पाहिली गेली. गटागटांमधली फारकत पाण्याचं तापमान, गढूळपणा, प्रवाह जिथे बदलतात तिथे पडलेली दिसली. आपल्या डोळ्यांना अथांग, सलग वाटणाऱ्या पाण्यात त्या प्राण्यांच्या लेखी हद्दी असतात. खंभातचं गढूळ पाणी आणि कोकणचं पाणी यांच्या मधोमध बसलेली मुंबई ही अशी हद्द आहे की दोन बाजूंना जोडणारा सांधा आहे, हे बोटीतून कितीही डोकी मोजली तरी कळणार नाही. ते कातडीत लिहिलेलं असतं.

ते कसं वाचतात, थोडक्यात सांगते. पेशीत दोन प्रकारचा डीएनए असतो. मायटोकॉन्ड्रियातला फक्त आईकडून येतो, केंद्रकातला आईवडील दोघांकडून. समजा मुंबईच्या आणि रत्नागिरीच्या गाद्यांचा आईकडचा डीएनए वेगवेगळा निघाला आणि केंद्रकातला मात्र मिसळलेला निघाला. मग समजायचं की माद्या आपापल्या पाण्याला धरून राहतात आणि नर फिरतात. दोन्ही वेगळे निघाले तर येणं-जाणं खुंटलेलं आहे.

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पर्यावरणीय अहवालांत नेमकी इथेच गफलत होऊ शकते.

लोकसंख्येच्या जनुकशास्त्रात एक जुना ठोकताळा आहे. दोन गटांमध्ये दर पिढीला साधारण एक प्राणी इकडून तिकडे जाऊन तिथे वीण करत असेल, तर ते दोन गट जनुकीयदृष्ट्या फारसे दुरावत नाहीत. गाद्याची एक पिढी सुमारे २५ वर्षांची धरतात. म्हणजे पाव शतकात एखादा नर दक्षिणेकडून आला, इथे त्याची पिल्लं झाली, की झालं मिसळण. कुठल्या सर्वेक्षणाच्या बोटीला तो नर दिसणार? दिसला तरी तो पाहुणा आहे हे कसं कळणार? म्हणून डीएनए हवा.

पण हाच ठोकताळा उलटाही वापरला जाईल. सल्लागार कंपनी लिहील : 'मुंबईचे व कोकणातले डॉल्फिन जनुकीयदृष्ट्या एकाच गटाचे आहेत, सबब प्रकल्पाचा परिणाम नगण्य.' हे वाक्य तुमच्या टेबलावर आलं तर कृपा करून परत पाठवा. पाव शतकात एक पाहुणा जनुकं मिसळायला पुरतो, रिकामं झालेलं पाणी भरायला पुरत नाही. गाद्याच्या मादीला सुमारे तीन वर्षांनी एक पिल्लू होतं. इथले वीस गेले तर अलिबागहून वीस येऊन जागा घेतील असा हिशेब कुणी मांडत असेल, तर त्याला या प्राण्याचा संसार माहीत नाही. उलट निकाल आला, म्हणजे मुंबईचा गट वेगळा निघाला, तर काम आणखी जड होतं : मग इथला एकेक गादा त्या छोट्या गटाच्या खात्यातूनच वजा होतो आणि त्या खात्यात बाहेरून भर पडत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. आज घेतलेल्या नमुन्यात दिसतो तो कालचा, परवाचा समुद्र. गेल्या दहा वर्षांतल्या बांधकामाने मिसळण तुटली असेल तर ती डीएनएत उमटायला पिढ्या जाव्या लागतील, आणि एक पिढी पंचवीस वर्षांची. म्हणून आज वाळूखाली जाणारं प्रत्येक कलेवर म्हणजे 'आधी'ची नोंद आहे. 'नंतर'ची नोंद आपली नातवंडं घेतील. पण त्यांना ताडून बघायला 'आधी'चं काही हवं ना? वाळूत पुरलेलं परत उकरता येत नाही. (हाडं मिळतात, डीएनएही निघतो, पण त्या कामाचा खर्च आणि वैताग विचारू नका.)

जनुकं तपासली म्हणजे सगळं कळलं, असा माझा दावा नाही. अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर साधारण पाऊणशे ओर्कांचा (किलर व्हेलचा) एक गट आहे. त्याच पाण्यात दुसरे ओर्का आहेत, पण हे त्यांच्यात मिसळत नाहीत. २०२३ मध्ये त्यांचे जीनोम, म्हणजे सगळाच्या सगळा डीएनए, तपासले तेव्हा, ज्यांचे आईवडील जितके जवळच्या नात्यातले तितकं त्या प्राण्याचं आयुष्य कमी, असं दिसलं. याच्या अगदी उलट मेक्सिकोची व्हाकिटा. जगात दहाच्या आसपास उरलेला हा पॉरपॉइज. २०२२ मध्ये त्याचे जीनोम वाचले तेव्हा कळलं की त्यांच्यातलं वैविध्य हजारो पिढ्यांपासूनच कमी आहे आणि निव्वळ त्यापायी ते संपणार नाहीत. गिलनेटमध्ये, म्हणजे पाण्यात उभ्या लावलेल्या जाळ्यांत, मरणं थांबलं तर सावरू शकतील. एकच तपासणी, एकीकडे मिसळण नसल्याचा धोका सांगते, दुसरीकडे 'जनुकांचं निमित्त पुरे, जाळी काढा' म्हणते. आपल्या गाद्याबद्दल ती काय म्हणेल, हे अंदाजाने ठरवू नये.

आणि देवमासे? जानेवारी २०१६ मध्ये जुहूला लागलेला पस्तीसेक फुटी ब्राइड्स देवमासा तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. ब्राइड्सचे दोन प्रकार आहेत, एक लहान आणि किनाऱ्यालगतचा, दुसरा मोठा आणि खोल समुद्रातला. हिंदी महासागरात दोन्ही आहेत. वाळूत फुगून पडलेल्या देहाकडे बघून कुठला, हे सांगणं अवघड. कातडीचा तुकडा लगेच सांगतो. अरबी समुद्रातल्या हंपबॅक देवमाशांची गोष्ट तर त्याहून थक्क करणारी. ओमानजवळ घेतलेल्या कातडीच्या नमुन्यांवरून २०१४ मध्ये उलगडलं की हा गट जवळपास ७०,००० वर्षं इतर हंपबॅकांपासून तुटलेला आहे. ओमानकडे त्यांचा अंदाज शंभराच्या आत. त्यांच्यातलीच, उपग्रह टॅग लावलेली लुबान नावाची मादी २०१७ च्या अखेरीस समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येऊन गेली. असा एखादा आपल्या चौपाटीवर लागला आणि नमुना न घेता पुरला गेला, तर काय गमावलं हेसुद्धा आपल्याला कळणार नाही.

आता काम प्रत्यक्षात कसं होतं ते. पाठीवरची किंवा शेपटीकडची, त्यातल्या त्यात टणक राहिलेली कातडी बघायची. नव्या ब्लेडने नखाएवढा तुकडा कापायचा, खालची चरबी शक्य तेवढी खरवडायची. कुपीत तुकड्याच्या निदान पाचपट अल्कोहोल हवं, नाहीतर तुकड्यातलंच पाणी ते पातळ करतं. फॉर्मॅलिन चालणार नाही. दवाखान्यात सवयीने हात त्याच बाटलीकडे जातो, पण त्याने डीएनएची वाट लागते. कागदाची चिठ्ठी पेन्सिलीने लिहून कुपीच्या आत टाकायची : तारीख, ठिकाण, नर की मादी, लांबी. बॉलपेन किंवा मार्करने लिहिलं की अल्कोहोल शाई पुसून टाकतं आणि महिन्याभरात हातात उरतो एक अनाथ तुकडा. चिठ्ठीचं मी उगाच कौतुक करत नाही. ज्या कुव्हिएने गाद्याला नाव दिलं, त्यानेच त्याच वर्षी फिनलेस पॉरपॉइजलाही दिलं, आणि त्या नमुन्याचं ठिकाण लिहिलं गेलं केप ऑफ गुड होप. आफ्रिकेच्या त्या टोकाला हा प्राणी राहतच नाही. त्या एका चुकीच्या ठिकाणावर शास्त्रज्ञ पुढे कितीतरी वर्षं खल करत बसले.

सोबत पाठीच्या पराचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, कारण पराच्या खाचांवरून जिवंतपणी टिपलेला तोच प्राणी ओळखता येतो. जमलं तर एक दात. दाताच्या आतल्या थरांवरून वय काढतात.

हे मी स्वतः का करत नाही? कारण कायद्याने करता येत नाही. पहिल्या अनुसूचीतला प्राणी मेलेला असला तरी सरकारच्या मालकीचा. मी जुहूला जाऊन तो तुकडा कापून पर्समध्ये टाकला तर गुन्हा ठरेल, आणि तसंच असायला हवं. म्हणून हे काम तुमच्याच हातचं आहे. वन विभागाने एकदाच लेखी परवानगी आणि कामाची पद्धत ठरवून दिली, की वॉर्डातल्या माणसाला दर वेळी वरचा फोन येण्याची वाट बघावी लागणार नाही. वाट बघण्यात भरती येते.

मच्छीमार संस्थांना वेगळं सांगायचं आहे. किनाऱ्यावर लागतात त्यापेक्षा जास्त गादे आणि पॉरपॉइज जाळ्यात गुदमरून समुद्रातच संपत असणार, हे तुम्हीही जाणता. डोल जाळ्यात नाहीतर गिलनेटमध्ये मेलेला गादा मिळाला की तांडेल तो तिथेच सोडून देतो. धक्क्यावर आणला तर चौकशीचं लचांड कोण मागे लावून घेणार? डिसेंबर २०१८ पासून राज्यात एक चांगली योजना आहे. संरक्षित प्राणी जिवंत सोडायला जाळं कापावं लागलं तर पुराव्यादाखल फोटो किंवा व्हिडिओ देऊन २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मेलेल्या प्राण्याची खबर देणाऱ्यालाही तसंच अभय हवं. पैसे नकोत, पैसे ठेवले तर उद्या भलतंच सुरू होईल. फक्त चौकशीचा ससेमिरा लागणार नाही एवढी लेखी हमी, आणि सोबत खबर देण्यासाठी एक नंबर.

चौपाटीवर लागलेला डॉल्फिन मेला कुठे आणि वाहत आला कुठून, हे कळत नसेल तर नमुन्याचा उपयोग काय, असा आक्षेप येईल. आक्षेप खरा आहे. पण ताज्या देहाला फार लांबून यायला वेळच मिळालेला नसतो, आणि उधाणात कुठल्या वाऱ्याला काय कुठे लागतं, भांगाला, म्हणजे कमी जोराच्या भरतीला, काय कुठे अडकतं, हे वर्सोव्याच्या किंवा मढच्या म्हाताऱ्या नाखव्याइतकं कुणाला ठाऊक आहे? पंचनाम्यात 'देहाची अवस्था' आणि 'वारा-पाणी' असे दोन रकाने घाला आणि दुसरा त्यांना विचारून भरा. नमुने साठत गेले की वाहून आलेला परका त्यांच्यात उठून दिसतो.

प्रत्येक वॉर्डात मे महिन्यात पावसाळ्याआधीच्या कामांची यादी निघते : नाले, पंप, झाडांच्या फांद्या. समुद्राला लागून असलेल्या वॉर्डांच्या यादीत एक डबा वाढवा. त्यात कुप्या, अल्कोहोल, ब्लेड, हातमोजे, पेन्सिल आणि छापील चिठ्ठ्या. नमुने एकाच ठिकाणी, उणे वीस अंशांच्या फ्रीजरमध्ये जमा व्हावेत आणि त्यांची यादी संशोधकांना मागता यावी. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत होड्या वर ओढलेल्या असतात, माणसं गावातच असतात. किनाऱ्यावर नजर ठेवायला प्रत्येक कोळीवाड्यातून दोन तरुण तेव्हा सहज मिळतील.

प्रशिक्षण अर्ध्या दिवसाचं आहे. जागा, अल्कोहोल आणि दाखवायला विद्यार्थी आमच्याकडून. सरावाला बाजारातली मुशी चालेल, तीही मी आणीन. तारीख तुम्ही कळवा. फक्त मेचा दुसरा आठवडा सोडून, तेव्हा पेपर तपासणी असते.

आपली,
प्राणिशास्त्राची एक शिक्षिका
अंधेरी, मुंबई